लिस्बन : एक दिवस, चार पाय, त्यातले तीन धड

सांजवेळ
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पोर्तुगालला जातोय. पोर्तोला भाची असते, मुख्य मुक्काम तिच्याकडे. लिस्बनला रविवारी रात्री पोचणार आणि मंगळवारी संध्याकाळी परतीचं विमान. म्हणजे हाताशी धड असा एकच दिवस. हॉटेल रोसिओ चौकाजवळ घेतलंय.

घरात वाद असा आहे. यांना बेलेमला जायचंय. वास्को द गामाची कबर, जेरोनिमोस मठ, नदीतला बुरूज. "ज्यानं आपल्या दाराची वाट शोधली त्याच्या दारात जाऊन येऊ" हे पालुपद महिनाभर ऐकतेय. मला आल्फामाच्या गल्ल्यांत काहीही न ठरवता भटकायचंय, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांखालून. कबरी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, हा माझा प्रश्न.

दोघांचं एकमत एवढ्यावरच की शक्यतो पायी फिरायचं. पण माझा उजवा गुडघा कुरकुरतो. चढताना नाही, उतरताना. दोन्ही भाग एका दिवसात पायी होतील का? नसतील तर काय सोडावं? मी शाकाहारी, अंडं चालतं. हे सर्वाहारी.

पायपीट
होतील. पण संध्याकाळी एकमेकांशी बोलत असाल याची खात्री नाही.

रोसिओहून बेलेम नदीकाठानं साडेसहा-सात किलोमीटर. रस्ता सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही, पण मधला बराच भाग रुक्ष. एका बाजूला रेल्वेलाईन, दुसऱ्या बाजूला गोदामं आणि धक्के. लक्षात राहतो तो २५ एप्रिल पूल. पुलाच्या रस्त्याचा काही भाग लोखंडी जाळीचा आहे, त्यावरून गाड्या गेल्या की खाली अखंड गुणगुण ऐकू येते. १९६६ साली बांधला तेव्हा हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर तारीख आली. ही गुणगुण ऐकायला दीड तास चालायचं का, हे तुम्ही ठरवा.

लिंबूटिंबू
वहिनींना आल्फामात सोडा, दादांना बेलेमला. संध्याकाळी रोसिओच्या कारंज्यापाशी भेटा. संसार टिकवायचे उपाय फुकट सांगतो.

लिस्बोआवासी
सांजवेळताई, इथे राहून बरीच वर्षं झाली, पाहुण्यांना फिरवून फिरवून रस्ता पाठ आहे. माझं मत स्पष्ट : एकच दिवस असेल तर आल्फामा. बेलेममध्ये इमारती आहेत, सुंदर आहेत, पण एकीकडून दुसरीकडे जाताना मध्ये मोठाली मैदानं आणि पर्यटकांच्या बस. शहर असं हाताला लागत नाही.

रोसिओहून निघा. चौकातली काळ्या-पांढऱ्या लाटांची फरसबंदी सकाळी सकाळी बघा, गर्दी झाली की नुसते बूट दिसतात. तिथून बायशातल्या, म्हणजे खालच्या सपाट भागातल्या, सरळ गल्ल्यांनी रुआ दुश फांकेरुशला या. तिथे एका साध्या इमारतीत महापालिकेची लिफ्ट आहे, फुकट. वर रुआ दा मादालेनाला निघते. चार पावलं चाललं की एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट. ती किल्ल्याच्या बऱ्याच जवळ सोडते. मग साऊं जॉर्ज किल्ला, पोर्ताश दु सोलचा सज्जा, सांता लुझियाचा सज्जा, आणि आल्फामातून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली नदीपर्यंत. शेवट प्रासा दु कोमेर्सिओ या नदीकाठच्या चौकात, नदीकडे तोंड करून.

२८ नंबरची पिवळी ट्राम फोटोपुरती ठेवा. रांगेत तास जातो आणि आत खिसेकापूंची कायमची वर्दी. त्या डब्यांची घडण १९३० च्या दशकातली, दिसतात गोडच.

हाडवैद्य
वरचा रस्ता उत्तम, फक्त उलटा. ताईंनी लिहिलंय की उतरताना दुखतं. लिफ्टनं चढून पायऱ्यांनी उतरलात तर नेमकं नको तेच होईल. सकाळी बायशातून सपाट चालत नदीकाठी फादो (तिथलं पारंपरिक गाणं) संग्रहालयापाशी जा, तिथून आल्फामाच्या पायऱ्या *चढत* पोर्ताश दु सोलला या, किल्ला बघा आणि त्याच दोन लिफ्टनी खाली उतरा. चढताना दमलात तर बसायला पायऱ्याच पायऱ्या आहेत.

आणि बूट. तिथली फरसबंदी म्हणजे चुनखडी आणि बसाल्टचे छोटे हातानं बसवलेले दगड, शतकभर पायांनी गुळगुळीत झालेले. ऑक्टोबरात एखादी सर आली तर त्यावर भलेभले आडवे होतात. रबरी, खाचांचा तळ हवा. नव्या पांढऱ्या स्नीकर्सचा मोह टाळा.

लिस्बोआवासी
@हाडवैद्य, मान्य. माझे पाहुणे बहुतेक तिशीतले असतात, त्यांना गुडघे असतात हेच माहीत नसतं.

इतिहासकिडा
बायशा नुसती ओलांडून जाऊ नका हो. त्या सरळ गल्ल्यांमागे लिस्बनची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. लोक जीव वाचवायला मोकळ्या नदीकाठी धावले तर तिकडून लाटा आल्या. उरलेलं आगीनं खाल्लं, ती कित्येक दिवस जळत होती. नदीकाठचा रिबेइरा राजवाडा त्यातच गेला. जिथून भारतातल्या मिरीचा हिशेब चालायचा ते कासा दा इंदिया त्याच परिसरात होतं.

मग राजाचा मंत्री, पोंबालचा मार्केझ, यानं खालचं शहर नव्यानं आखलं. काटकोनात रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी तुळया आणि तिरक्या-आडव्या फळ्यांचा पिंजरा, हादरा बसला तर इमारतीनं झुलावं म्हणून. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो तपासला असं सांगतात. आल्फामा मात्र खडकावर असल्यानं बरीचशी वाचली, म्हणून तिच्या गल्ल्या अजून मूरांच्या काळच्या वळणाच्या. दोन्ही भाग लागोपाठ चाललात की १७५५ च्या आधीचं आणि नंतरचं शहर पायांनाच कळतं. सांता लुझियाच्या सज्ज्याजवळ चर्चच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक दिसतो. ते शोधा, लोक त्याला पाठ टेकून सेल्फी काढत असतात.

वसईकर
कार्मोचं नाव कुणीच घेत नाही? रोसिओहून दहा मिनिटांवर, टेकाडावर. १३८९ चा मठ, भूकंपात छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये क्रिकेट खेळत मोठा झालोय, त्यामुळे मला तिथे एकदम ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की त्यांचं भूकंपानं पाडलं आणि आमच्याकडे १७३९ मध्ये चिमाजीअप्पा आले, मग हळूहळू वड-पिंपळ आले.

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२ ची) कार्मोच्या मागेच निघते. तिच्यासाठी खाली रांग लावू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा, तिकिटाच्या फाटकाबाहेरूनच वर जाता येतं.

आटपाटनगर
फ्युनिक्युलरबद्दल, म्हणजे चढावर दोरानं ओढल्या जाणाऱ्या डब्यांबद्दल, कुणी तरी सांगेल म्हणून थांबले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या चढावर अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर शहरातल्या अशा गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या. जुन्या ब्लॉगवर विसंबून "चढ आला की पिवळ्या डब्यात बसू" असं ठरवू नका.

म्हापसेकार
मी यजमानांच्या बाजूनं. बेलेमला जावचेंच.

मठ बघायला नको, पैसा कुठला ते बघायला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मानुएल राजानं बांधायला घेतला तो मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या जिवावर, साधारण पाच टक्के. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती बघताना आपल्या किनाऱ्यावरची मिरी डोळ्यांपुढे येते. आत शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश.

गनिमीकावा
वास्को द गामाची समाधी नॅशनल पँथिऑनमध्ये आहे ना? आल्फामाच्या शेजारीच, पांढरा घुमट. मी नाव वाचलंय तिथे. मग बेलेमला जायची गरजच काय!

म्हापसेकार
पँथिऑनमधलं नुसतं स्मारक, रिकामं. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कचंही तसंच. मनीस मेला तो कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तिथेच पुरला, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालात आणल्या, त्या विदिगेइराला ठेवल्या आणि १८८० मध्ये जेरोनिमोसला हलवल्या. मेल्यावरही प्रवास सुटला नाही.

गनिमीकावा
उत्तम. दोन्हीकडे फोटो काढा, घरी कुठला खरा ते सांगू नका.

इतिहासकिडा
पँथिऑनची इमारत, म्हणजे सांता एंग्रासिया चर्च, १६८२ ला सुरू झाली आणि १९६६ ला पूर्ण. तिथे रखडलेल्या कामाला "सांता एंग्रासियाचं काम" म्हणतात.

वसईकर
मुंबई-गोवा महामार्गाला अजून अडीचशे वर्षं मुदत आहे तर.

लिंबूटिंबू
वर घुमट घातला तर त्यालाही पँथिऑन म्हणता येईल.

कोथरूडचा_गेंडा
आयडीला जागून एक माहिती. बेलेमच्या बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. झिजलंय, पण आहे. तो गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या मुझफ्फरशाह सुलतानानं आल्बुकर्कला भेट दिला, त्यानं तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून राजाला पाठवला. मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपनं जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्ती पळून गेला. मग पोपला नजराणा म्हणून पाठवला, तर जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररनं त्याला न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कुणाच्या तरी रेखाटनावरून प्रसिद्ध चित्र काढलं, म्हणून त्यात अंगावर चिलखताचे पत्रे आहेत.

बुरूज मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता, आत जायचं असेल तर आधी पाहून घ्या. गेंडा बाहेरूनच दिसतो, दुर्बीण असली तर बरं.

सांजवेळ
हे वाचून झाल्यापासून आमच्याकडे दुर्बीण शोधणं चालू आहे. मला वाद जिंकायचा होता, तुम्ही लोक विरुद्ध पक्षाला दारूगोळा पुरवताय.

रानवाट
मला एक कळत नाही. इन्क्विझिशन (धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) लादणाऱ्यांच्या स्मारकांपुढे आपण फोटो काढायला कशाला जायचं? बेलेमच्या नदीकाठी ते शोधपर्वाचं भलंमोठं स्मारक आहे, १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभं केलं आणि १९६० मध्ये पक्कं बांधलं. दोन्ही वेळा सालाझारच सत्तेवर. म्हणजे आपला गोवा त्यांच्या ताब्यात असताना ते स्वतःचीच पाठ थोपटत होते. मी गेले होते, दोन मिनिटं थांबले आणि परत फिरले.

म्हापसेकार
@रानवाट, राग समजता. पण न बघून राग कुणाला कळणार? इन्क्विझिशनचं बोलायचं तर ती आधी त्यांच्या स्वतःच्या माणसांवर चालली. रोसिओवर आता जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथेच इन्क्विझिशनचा वाडा होता. बाजूच्या साऊं दोमिंगुश चर्चमधून १५०६ मध्ये ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली. चौकात त्याचं स्मारक आहे. ताईंच्या हॉटेलपासून चार पावलांवर. चर्चच्या आत १९५९ च्या आगीत भाजलेले खांब तसेच ठेवलेत. गुळगुळीत करून झाकले नाहीत, हे मला आवडलं.

सदाशिवपेठी
रानवाट यांना आणखी एक सांगायचंय. बेलेमवरून काश्काइशला जाणारी जी लोकल आहे तिच्यावर कशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात आपले मोहन रानडे होते. सांगलीचा माणूस, गोव्याच्या मुक्तीसाठी आझाद गोमंतक दलात लढला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० मध्ये पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ ला सुटला, रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडक्यांनी जिवाचं रान केलं होतं.

आजही तो तुरुंगच आहे, बघायला जायची जागा नव्हे. पण मी त्या लोकलमधून जाताना खिडकीशी बसलो होतो. शेजारच्या पोर्तुगीज आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, माझा भाऊही तिथेच होता, सालाझारच्या विरोधात पत्रकं वाटली म्हणून. नंतर काश्काइश येईपर्यंत आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत बोलत होतो.

रानवाट
@सदाशिवपेठी, हे मला ठाऊक नव्हतं. लोकल कुठून सुटते?

सदाशिवपेठी
काइश दु सोद्रे. प्रासा दु कोमेर्सिओहून नदीकाठानं दहा मिनिटं चाललं की. आणि कार्मोला गेलात तर मठालगतची छावणीही बघा. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानु तिथेच लपला होता, तिथेच शरण आला. त्यानंतरच्या सरकारनं त्याच वर्षअखेरीला गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तेरा वर्षं मानत नव्हते.

पोटोबा
एवढं सगळं झालं, खायचं कोण सांगणार?

शाकाहारी वहिनींसाठी : कोबीवर्गीय हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं काल्दु व्हेर्द नावाचं सूप मिळतं, त्यात सॉसेजची चकती टाकतात, "सें शोरिसु" म्हणून ती काढायला लावा. तरी मूळ पाण्यात काय आहे ते विचारा. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. ते पाहुणचार म्हणून नाही, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी रागावत नाही. आम्ही आपलं घरचं समजून सगळं फस्त केलं होतं.

बेलेमच्या त्या १८३७ च्या दुकानातली नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट, मात्र खा. भाजलेली, वरून डाग पडलेली, त्यावर दालचिनी. अंडं चालतं म्हणताय म्हणून सांगतो, त्यात पिवळं बलक भरपूर असतं. मठांमध्ये कपड्यांच्या खळीसाठी पांढरं वापरायचे, उरलेल्या बलकाचं काय करायचं यातून अशा मिठाया आल्या म्हणतात.

लिंबूटिंबू
दालचिनी आपल्याकडूनच नेली, आता आपल्यालाच विकतात.

कोथरूडचा_गेंडा
श्रीलंकेहून. पण भावना पोचल्या.

लिस्बोआवासी
कुठल्याही कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेच्या कपाटात चामुसा दिसेल. तोच आपला सामोसा. गोवा आणि मोझांबिकमार्गे इथे आला, आता कुणाला परका वाटत नाही. बहुतेक वेळा आत मांस असतं, ताईंनी विचारून घ्यावं. भारतीय वाणसामान आणि साधं जेवण हवं असेल तर मार्तिं मोनिझ परिसर, रोसिओहून पायी पाच-सात मिनिटं. दुकानं बरीचशी बांगलादेशी मंडळींची.

आटपाटनगर
जूनमध्ये गेलात तर वेगळीच मजा. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीचा उत्सव. त्याला जग पादुआचा म्हणतं, पण जन्म लिस्बनचा, मोठ्या चर्चच्या अगदी शेजारी. आल्फामात गल्लोगल्ली सार्डिन भाजतात आणि छोट्या कुंड्यांत गोल कापलेली तुळशीच्या जातीची रोपं विकतात, वर कागदी फूल आणि प्रेमाची चारोळी खोचलेली. नाक लावून वास घ्यायचा नाही, हातानं कुरवाळून हात हुंगायचा, अशी तिथली रीत.

पायपीट
धागा ऑक्टोबरचा आहे हो.

दिनदर्शिका
सगळं वाचलं. एक शंका. रविवारी रात्री पोचणार, मंगळवारी संध्याकाळी निघणार, म्हणजे तुमचा पूर्ण दिवस सोमवार. जेरोनिमोस सोमवारी बंद असतो. पँथिऑनही. इतके लोक इतका वेळ भांडताहेत, वार कुणीच पाहिला नाही का?

गनिमीकावा
आम्ही मोठ्या मुद्द्यांवर भांडत होतो, किरकोळ तपशिलात शिरत नाही.

लिंबूटिंबू
वहिनी जिंकल्या! एकही गोळी न झाडता.

लिस्बोआवासी
@दिनदर्शिका, धन्यवाद. मी स्वतः इथे राहून हे सांगायला हवं होतं की नाही, यावर घरी चर्चा चालू आहे.

आता सोपं झालं. सोमवारी आल्फामा, हाडवैद्यांच्या उलट्या रस्त्यानं. किल्ला रोज उघडा. कार्मोची सुट्टी रविवारी, त्यामुळे सोमवारी तेही चालेल. दुपारी किल्ल्यावरून लिफ्टनं बायशात उतरा, मेट्रोचे सरकते जिने घेऊन शियादोत वर या, कार्मो बघा. तिथेच बेर्त्रांद पुस्तकांचं दुकान आहे, १७३२ पासूनचं. अंधार पडायच्या आत प्रासा दु कोमेर्सिओ.

मंगळवारी सकाळी बेलेम. चालत जाऊ नका, पायांचा हट्ट एवढ्यापुरता सोडा. प्रासा दा फिगेइरा तुमच्या हॉटेलशेजारी, तिथून १५ नंबरची ट्राम. मठ उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत उभे राहा, तिकीट ऑनलाइन काढलेलं असू द्या. सामान हॉटेलात ठेवा. विमानतळ शहरालगतच आहे, मेट्रो थेट जाते.

इतिहासकिडा
पण मंगळवारीच आल्फामाच्या वरच्या अंगाला फेइरा दा लाद्रा भरतो, जुना बाजार. मंगळवार आणि शनिवार. जुन्या टाइल्स, नाणी, पितळी दिवे. तो चुकेल.

सांजवेळ
नका हो असं करू. आत्ता कुठे तह झालाय.

तहाची कलमं अशी : सोमवार माझा, मंगळवार सकाळ यांची. सोमवारी किल्ल्यावर हे इतिहास सांगणार नाहीत, मंगळवारी कबरीपाशी मी घड्याळ बघणार नाही. जुना बाजार दोघांच्याही हिताच्या दृष्टीनं वगळला आहे, बॅगेत सात किलोच उरलेत. साऊं दोमिंगुश हॉटेलजवळच आहे तर रविवारी रात्रीच बाहेरून बघू. दुर्बीण सापडली, तिची एक काच फुटलेली आहे.

कोथरूडचा_गेंडा
गेंडा एका डोळ्यानंही दिसतो.

हाडवैद्य
बूट घेतले का?

सांजवेळ
आज संध्याकाळी लक्ष्मी रोडला जातोय. पायीच.